बँड चहाला गेल्यावर

शनिवारची दुपार. जेवणं झाली, भांडी आवरली आणि रात्रीची गाणी काढून ठेवायला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसले. गाण्यांच्या यादीत लांबीचा एक रकाना असतो. एरवी त्याच्याकडे कोण बघतं! आज नजर तिथेच अडकली. २:५८, ३:०४, २:५१, ३:१०, २:४७. खालपर्यंत तेच, सगळं तीनच्या अल्याडपल्याड.

यात गूढ काही नाही. दहा इंची तबकडी ७८ च्या वेगाने फिरायची आणि एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं मावायची. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतला चौदा वादकांचा बँड असो नाहीतर मिरजेचे अब्दुल करीम खाँसाहेब, सुई आत पोचण्यापूर्वी आटपायचं. खाँसाहेब तेवढ्यात राग उभा करायचे. गौहर जान तर शेवटी ‘माय नेम इज गौहर जान’ म्हणण्यापुरती जागाही राखून ठेवायची. आम्हाला साधा फोन तीन मिनिटांत ठेवता येत नाही.

तर मी डीजे आहे. हे कराडला सांगायची सोय राहिलेली नाही. आईने एकदा कौतुकाने शेजारच्या काकूंना सांगितलं, तर काकूंच्या डोळ्यांपुढे विसर्जनाची मिरवणूक, ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत आणि मागून येणारा फौजदार. “तिकडं अमेरिकेत चालतं का गं हे?” त्यांनी आवाज खाली करून विचारलं. चालतं हो काकू. आमच्याकडे भिंत नसते. दोन स्पीकर, एक लॅपटॉप, एक हेडफोन, आणि नाचणाऱ्यांतले निम्मे पन्नाशीच्या पुढचे.

बॉस्टनजवळ एका चर्चच्या हॉलमध्ये लिंडी हॉपचा, म्हणजे जुन्या जॅझवर जोडीने करायचा, नाच होतो. बँड खराखुरा: ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, दोन सॅक्सोफोन, पियानो, गिटार, डबल बास, ड्रम्स. पाऊण तास वाजवतात आणि वीस मिनिटांसाठी खाली उतरतात. त्या वीस मिनिटांची मालकीण मी. तीन मिनिटांची सहा गाणी, हिशेब सरळ आहे.

बँडलीडरकडून त्याची यादी आधी मागून घ्यायची. तो जे वाजवणार ते आपण लावायचं नाही. आणि त्याच गाण्याचं काउंट बेसीचं, म्हणजे त्या काळच्या नामांकित बँडलीडरचं, मूळ रेकॉर्डिंग तर मुळीच नाही! बिचारा घामाघूम होऊन सँडविच खातोय आणि पाठीमागे बेसीचा अख्खा ब्रास सेक्शन गरजतोय, हा दुष्टपणा झाला. पहिलं गाणं मध्यम लयीचं, १३०-१४० बीपीएम (मिनिटाला तेवढे ठोके), कारण बँडने सेट संपवताना २२० ला नेऊन सोडलेलं असतं. लोकांना दम खायचा असतो, पाण्यापाशी रांग लागलेली असते. मग १६०, १७०, एखादं १९०. शेवटचं पुन्हा जरा खाली, म्हणजे बँड परत स्टेजवर चढला की त्याला वर न्यायला जागा उरते. १९३८ चं रेकॉर्डिंग किरकिरं आणि बारीक, १९५८ चं भरदार, म्हणून एक बोट सतत आवाजाच्या पट्टीवर. बाकी गाण्यात गाणं मिसळणं वगैरे काही नाही. एक संपतं, दुसरं सुरू होतं.

मधल्या फटीबद्दल मात्र मी हट्टी आहे. हल्लीच्या प्रोग्रॅम्सना शांतता सहन होत नाही, एक गाणं विरायच्या आत दुसरं त्याच्या पाठीवर चढतं. ते बटण शोधून मी आधी बंद करते. गाणं संपल्यावर जोडीदाराचे आभार मानायचे असतात, चष्मा पुसायचा असतो, पुढचं कोण ते बघायचं असतं. भिंतीपाशी ताटकळत उभा असलेला नवखा मुलगा चार सेकंदांत अर्धा हॉल ओलांडून एखादीला विचारू शकतो. दोन सेकंदांत नाही. दोन सेकंदांत तो फक्त भिंतीपासून सुटतो आणि पुढचं गाणं सुरू झालं की परत जाऊन चिकटतो. मी पाहिलं आहे. म्हणून चार.

बँड खाली उतरल्यावर काय, हा प्रश्न सॅव्हॉय बॉलरूमला नव्हताच. १९२६ साली हार्लेममध्ये लेनॉक्स अॅव्हेन्यूवर उघडलेलं हे नाचघर, लिंडी हॉपचं माहेर. तिथे शेजारीशेजारी दोन स्टेज होते, एक बँड थांबला की दुसरा सुरू. काळे आणि गोरे एकाच फरशीवर नाचायचे, आणि तेव्हाच्या अमेरिकेत ही साधी गोष्ट नव्हती. फरशी लाकडी, पायांनी इतकी झिजायची की दर तीनेक वर्षांनी बदलावी लागे. घरचा बँड चिक वेबचा. लहानपणी मणक्याला क्षय झाल्यामुळे पाठ वाकलेली, उंची जेमतेम, ड्रम्समागे बसला की शोधावा लागायचा. १९३७ च्या मे महिन्यात बेनी गुडमन शेजारच्या स्टेजवर आला, तेव्हाचा देशातला सगळ्यात गाजलेला बँड घेऊन. वेबने त्याला धुऊन काढलं. हजारो लोकांना त्या रात्री दारातूनच परत जावं लागलं. दुसऱ्या स्टेजवर कुठली माणसं असायची बघा! आज त्या जागी मी, लॅपटॉप घेऊन, बाजूला डब्यात चिवडा.

सॅव्हॉय १९५८ ला बंद झालं. त्याच्या आधीच तिथला सर्वांत लाडका नाचणारा, फ्रँकी मॅनिंग, पोस्टात नोकरीला लागला होता. तीसेक वर्षं पोस्टात. १९८६ साली कॅलिफोर्नियाच्या दोन तरुण नर्तकांनी त्याला शोधून काढलं, आणि म्हातारा पुन्हा जगभर शिकवत हिंडला, २००९ मध्ये जाईपर्यंत. पंच्याण्णवाव्या वाढदिवसाला महिनाच उरला होता. मधल्या त्या तीस वर्षांत तो पत्रं वर्गवार लावताना गुणगुणत असेल का, हे मला उगाच जाणून घ्यावंसं वाटतं.

माझं शिक्षण मात्र झालं कराडला, गल्लीतल्या गणपतीच्या मंडपामागे.

एका रात्री कोल्हापूरचा ऑर्केस्ट्रा असायचा. कलाकार चहाला गेले की स्पीकरवाल्या काकांची पाळी. कापडी पडद्यामागे घडीच्या खुर्चीवर काका, समोर अॅम्प्लिफायर आणि टेपरेकॉर्डर, मांडीवर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात कॅसेटी. प्रत्येक कॅसेट हव्या त्या गाण्याशी आणून थांबवलेली. ही तयारी दुपारीच व्हायची. कॅसेटच्या दातेरी भोकात बॉलपेन घालायचं आणि कानाजवळ धरून गरगर फिरवायचं. किती फेरे म्हणजे किती गाणं हे काकांच्या मनगटाला ठाऊक. मध्येच टेपमध्ये घालून ऐकायचे, अर्धा फेरा मागे घ्यायचे, पुन्हा ऐकायचे. मी शेजारी उपड्या खोक्यावर. पुढची कॅसेट हातात धरून बसणं हे माझं काम, आणि त्याचा मला एवढा ताठा होता की मैत्रिणींनी हाक मारली तरी मान वळवायची नाही.

मंडळाची पोरं पडद्यातून डोकं घालायची. “काका, जरा दणक्यात लावा की!”

“दणका त्येंचा,” काका स्टेजकडे हनुवटी करून म्हणायचे. “आपलं काम च्या हुस्तवर.”

आणि लावायचे काय, तर ‘अलबेला’तली गाणी. पोरं हिरमुसायची. पण एरवी आरतीला टाळीसुद्धा न वाजवणारे गल्लीतले म्हातारे खुर्च्यांतून उठायचे आणि भगवानदादांसारखे कोपरातून हात हलवायला लागायचे. गुडघे जरासे वाकवून, चेहरा मख्ख ठेवून. तेवढाच नाच. त्यात कुणी दमत नाही आणि धोतरही सुटत नाही.

‘अलबेला’ १९५१ चा. संगीत सी. रामचंद्र, म्हणजे आपले पुणतांब्याचे चितळकर. त्यांच्याकडे अरेंजर म्हणून काम करायचा ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट, गोव्यातल्या हळदोण्याचा अँटोनियो झेवियर वाझ. त्या सिनेमात तो पडद्यावर दिसतोसुद्धा. हा चिक चॉकलेट मुंबईच्या ताजमध्ये वाजवायचा. त्याच ताजमध्ये १९३५ साली बँड घेऊन आला होता लिऑन अॅबी नावाचा अमेरिकन व्हायोलिनवाला, आणि सॅव्हॉय नवं नवं उघडलं तेव्हा तिथे वाजवणाऱ्या बँडांपैकी एक या अॅबीचा. कराडच्या कर्ण्यापासून लेनॉक्स अॅव्हेन्यूपर्यंत दोरी ओढायचीच म्हटलं तर ओढता येते. काकांना हे ऐकवलं असतं तर म्हणाले असते, “फुडची कॅसेट दे.”

कधीमधी चौथ्या गाण्याला मी चितळकर घुसवते. लोक नाचतात. भाषा कुठली असं अजून कुणी विचारलेलं नाही. एक आजोबा मात्र दर वेळी तेव्हाच पाणी प्यायला जातात.

त्या शनिवारी गाणी ठीक लागली. सहावं निम्म्यावर आलं तेव्हा ड्रमर जागेवर येऊन माझ्याच गाण्याखाली हलके ब्रश फिरवायला लागला. आता पुरे, ही त्याची खूण. मी गाणं संपू दिलं, पट्टी खाली ओढली आणि हेडफोन काढला. बँडला टाळ्या पडल्या. गर्दीतून वाट काढत एक बाई थेट माझ्याकडे आल्या. मी सरसावून बसले, म्हटलं विचारतील, तिसरं गाणं कुणाचं होतं.

“तुम्ही इथल्याच ना? तो पंखा जरा आमच्याकडे वळवता?”

वळवला. तर दुसऱ्या कोपऱ्यातून एकजण ओरडला, आता इकडे वारा लागत नाही.