बोटं नाजूक म्हणे

मी डोंबिवलीत घरीच गिटार शिकवतो. गेल्या रविवारी एक बाबा ११ वर्षांच्या मुलीला घेऊन आले आणि दारातच म्हणाले, सर एकदा बघून सांगा हिला जमेल का, नाहीतर गिटार विकून टाकतो. आधीच्या सरांनी सहा महिने शिकवून सांगितलेलं की बोटं नाजूक आहेत, कीबोर्ड लावा.

तिने सी कॉर्ड (एकत्र वाजवायच्या सुरांचा गट) धरली, दोन तारा मुक्याच. मीही नेहमीचं सुरू केलं, अंगठा नेकच्या (गिटारच्या लांब दांड्याच्या) मागे ने, कोपर सैल सोड, फ्रेटला (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीला) चिकटून दाब. दहा मिनिटं हेच. मग दाखवायला म्हणून गिटार स्वतः घेतली, जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटला दाबलं तर माझंच बोट दुखलं आणि सूर चांगलाच चढलेला.

नीट बघितलं तर गिटार क्लासिकल, रुंद नेकची, म्हणजे नायलॉनच्या तारांची, आणि तिला स्टीलच्या तारा! तारांच्या टोकाचे पितळी मणी ब्रिजच्या (तारा जिथे अडकवतात त्या फळीवरच्या लाकडी ठोकळ्याच्या) मागे अडकवलेले. दुकानदाराने 'आवाज मोठा येतो' म्हणून बदलून दिल्या होत्या. अहो, नायलॉनच्या सहा तारांचा मिळून ताण साधारण ४० किलो, स्टीलच्या लाइट, म्हणजे बारीक तारांच्या, सेटचा ७० च्या वर. क्लासिकलची वरची फळी पातळ, नेकमध्ये ट्रस रॉड, म्हणजे आतली आधाराची धातूची सळी, बहुतेक नसतोच, मग हा ताण घेणार कोण? नेक वाकलेला, ब्रिज मागून उचललेला, त्याच्या खाली व्हिजिटिंग कार्ड सरकवलं तर सहज आत गेलं. बाराव्या फ्रेटला मोजपट्टी लावली, तार फ्रेटपासून ६ मिलिमीटर वर, म्हणूनच दाबताना बोट दुखत होतं आणि तार ताणून सूर चढत होता. मला तिथे ४ सुद्धा जास्त वाटतात.

आधी तारा सैल केल्या. दुकानदाराचं एक वेळ सोडा, पण सहा महिने समोर बसून शिकवणाऱ्याने एकदा तरी ती गिटार हातात घ्यायला नको? संताप होतो. आणि ती दहा मिनिटं मीही घेतली नव्हती, हे काही डोक्यातून जात नाही.

माझी लहान नायलॉनची दिली. सी च्या पाचही तारा स्वच्छ वाजल्या. तिने लगेच बाबांकडे बघितलं.

पण कान लावला तर सूर इथेही किंचित चढतोय, कारण पोरगी अजून जीव खाऊन दाबतेय, सवयच लागलीय. बोट तारेवर नुसतं टेकव, हळूहळू दाब वाढव, आवाज स्वच्छ आला की तिथेच थांब, असं सांगितलं. चार वेळा छान जमलं, पाचव्यांदा परत नखं पांढरी. बुधवारी येणार आहे ती, तोवर काय नवीन देता येईल तेच शोधतोय.