तासाभराने चाखा

डिप, म्हणजे गाजर-वेफर्स बुडवून खायचं घट्ट तोंडीलावणं, करायला दहा मिनिटं लागतात आणि बिघडवायला अकरावं. चमच्याच्या टोकावर घेतलेली पहिली चव, ती या अकराव्या मिनिटाची. जीभ म्हणते, मीठ कमी पडलंय. मागून येऊन कुणीतरी म्हणतं, "लसूण लागतच नाही गं." आणि आपण दोघांचंही ऐकतो.

मी एकदा असंच ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी माणसं जेवायला यायची होती, म्हणून हौसेने आदल्या रात्रीच डिप कालवून ठेवलं. चाखलं तर मिळमिळीत. लसणाची एक पाकळी वाढवली, मग आणखी एक. तिसरी कधी घातली ते आठवत नाही. दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं आणि फ्रीजमधल्या लोण्यानेसुद्धा मान फिरवली असावी. पाहुणे भले होते. त्यांनी कौतुक केलं, फक्त एकमेकांपासून हातभर लांब उभं राहून केलं.

लसणाचा स्वभाव मला तेव्हा कळला. अखंड पाकळीला फारसा वास नसतो. ती ठेचली, किसली की पेशी फुटतात, आत वेगवेगळी ठेवलेली दोन द्रव्यं एकत्र येतात आणि तिखट, झणझणीत अ‍ॅलिसिन तयार होतं. मग ते हळूहळू सगळ्या वाटीत पसरतं. हे घडवून आणणाऱ्या विकराला (एन्झाइमला) आंबट सोसत नाही, म्हणून आता मी पाकळी थेट लिंबाच्या रसातच किसते. लसूण राहतो, पण आरडाओरडा करत नाही. एका वाटीला अर्धी पाकळी पुरते. ज्यांना पुरत नाही त्यांनी उद्यापर्यंत थांबावं.

थांबावं लागतं ते खरं तर पाल्यासाठी. शेपू, पार्सली, पुदिना यांचा सुगंध पाण्यापेक्षा स्निग्ध पदार्थात जास्त चांगला विरघळतो, आणि त्याला वेळ हवा असतो. कालवल्याबरोबर चाखलं तर दही वेगळं लागतं, पाला वेगळा. तासाभराने दोघांची ओळख होते. वाळवलेला पाला असेल तर आणखी थोडा वेळ, कारण त्याला आधी ओलावा पिऊन फुगायचं असतं. त्याचं प्रमाणही ताज्याच्या तिसरा हिस्सा धरायचं. ताजा तीन चमचे, तर वाळलेला एक.

बैठक मात्र घट्ट हवी. दही रात्रभर पातळ फडक्यात टांगून ठेवलं की अर्ध्या किलोचं जवळपास पाव किलोवर येतं. हा टांगण्याचा कंटाळा करून मी कितीतरी वेळा नुसतं दही फेटलं आहे आणि कितीतरी वेळा वाटीच्या कडेने सुटलेलं पाणी, जणू ते दिसतच नाही अशा चेहऱ्याने, ढवळून टाकलं आहे. आता वाटीभर चक्क्यात दोन चमचे मेयोनीज घालते. चक्क्याचा आंबटपणा आणि मेयोनीजची स्निग्धता यांचं चांगलं जमतं. नुसत्या मेयोनीजचं डिप चार घासांनंतर टाळूला चिकटून बसतं. काकडी घालायची हौस असेल तर किसून मीठ लावून दहा मिनिटं ठेवावी आणि घट्ट पिळावी, नाहीतर चक्का टांगल्याचं पुण्य वाया.

पाला धुऊन अगदी कोरडा करावा आणि धारदार सुरीने चिरावा. बोथट सुरीने तो चिरला जात नाही, चेचला जातो आणि काळा पडतो. मिक्सरला माझी ना नाही, पण त्यातून निघतो तो हिरवा रंग. मला ठिपके आवडतात.

अमेरिकेत डिप म्हणून ज्याचा फार बोलबाला आहे त्या रँचची गोष्ट मला गंमतीची वाटते. स्टीव्ह हेन्सन नावाच्या गृहस्थाने अलास्कात प्लंबिंगची कंत्राटं घेताना, कामगारांना रांधून घालता घालता ही कृती जमवली. पुढे १९५४ मध्ये त्याने आणि त्याच्या बायकोने कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळ एक रँच, म्हणजे मोठा मळा, घेतलं, त्याला हिडन व्हॅली नाव दिलं आणि तिथे येणाऱ्यांना ते वाढू लागले. लोकांना ते घरी न्यायला हवं झालं, तेव्हा पाला-मसाल्याच्या कोरड्या पुड्या टपालाने जाऊ लागल्या. १९७२ मध्ये हा व्यवसाय क्लोरॉक्सने विकत घेतला, म्हणजे ब्लीच विकणाऱ्या कंपनीने. त्या पुडीत ताक आणि मेयोनीज मात्र घरचं घालायचं होतं. आज बाटली समोर ठेवून आपण जिची नक्कल करतो, ती चव मुळात घरीच कालवायची होती.

आणि घरी कालवायचं तर घरातल्यांची मतं आलीच. शेपूचं नाव काढताच धाकटी नाक मुरडते. नवऱ्याला मिरी दिसली पाहिजे, नुसती लागून चालत नाही. एका मैत्रिणीला कोथिंबीर साबणासारखी लागते. पूर्वी मी तिला नखरेल समजायचे. मग कळलं, काहींच्या वास ओळखणाऱ्या एका जनुकात फरक असतो आणि त्यांना ती खरोखरच तशी लागू शकते. मनातल्या मनात तिची माफी मागितली. आता चक्का, मेयोनीज, लिंबू, मीठ एवढंच एकत्र करते आणि चार वाट्यांत वाटते. एकीत शेपू नि किसलेली काकडी, दुसरीत पुदिना नि भाजलेल्या जिऱ्याची पूड, तिसरीत भरड मिरी. चौथी माझी. तिच्यात जे उरलं ते सगळं, आणि बहुतेक वेळा तीच सगळ्यांना हवी असते.

मीठ मुद्दाम कमी ठेवते. थंड पदार्थाची चव दबून लागते, म्हणून शेवटचं मीठ थंड झाल्यावरच ठरवायचं, तेही चमच्याने न चाखता गाजराच्या तुकड्याने. बटाट्याचे वेफर्स असतील तर ते आपलं मीठ बरोबर घेऊनच येतात. तीन-चार दिवस डिप टिकतं, फक्त लसूण रोज थोडा मोठ्याने बोलायला लागतो.

आताही वाट्या झाकून फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यात, दुधाच्या आड लपवल्या होत्या. घड्याळात वीस मिनिटं झाली असतील. झाकण उचललं, तर चौथ्या वाटीत मधोमध बोटाची लांबलचक चर.

"मीठ कमी आहे," आतल्या खोलीतून आवाज आला.