तुम्ही विचारलंत म्हणून: अण्णांना चहा का जमत नाही?

घरी येणारं प्रत्येक माणूस पहिल्या दहा मिनिटांत हे विचारतंच. ‘हातात ताकद आहे, हिंडतात-फिरतात, मग साधा चहा तू का करून देतेस?’ काहींच्या मते मी वडिलांना लाडावून ठेवलंय.

दोन वर्षांपूर्वी अण्णांना अर्धांगाचा झटका आला, मेंदूच्या डाव्या बाजूला. उजवा हात तीन महिन्यांत पुष्कळ सुधारला आणि एका सकाळी ते आपणहून ओट्याशी गेले. घरातला पहिला चहा चाळीस वर्षं त्यांचाच. पातेलं ठेवलं, साखर घातली, गॅस पेटवला. पाणी नाहीच! साखर करपायला लागली, तरी अण्णा गाळण्यानं ढवळतायत. मी विचारलं, ‘हे काय आहे?’ ते म्हणाले, ‘गाळणं.’ ‘कशाला असतं?’ ‘चहा गाळायला.’ आणि ढवळणं चालूच.

याला अप्रॅक्सिया म्हणतात. वस्तू कळते, हात हलतो. काय, कशाच्या आधी, कसं करायचं याची जुळणी तुटते. बर्लिनचे डॉक्टर ह्यूगो लीपमन यांनी १९०० साली ४८ वर्षांच्या एका सरकारी अधिकाऱ्याबद्दल लिहिलं. सांगितलेली कामं तो उजव्या हातानं चुकीची करायचा, म्हणून त्याची बुद्धीच गेली असं सगळे धरून चालले होते. लीपमननी त्याचा उजवा हात धरून ठेवला, तर तीच कामं तो डाव्या हातानं नीट करू लागला.

अण्णांची गंमत वेगळी. (गंमत म्हणायचं आपलं.) ‘टाटा करून दाखवा’ म्हटलं की ते स्वतःच्या हाताकडे बघत राहतात. नातू शाळेच्या रिक्षात बसला की तोच हात आपसूक वर जातो. सांगून अडतं, प्रसंग आला की होतं. मी मात्र पहिले दोन महिने ‘आधी पाणी, अण्णा!’ म्हणून खेकसत होते. ते आठवलं की अजून कानकोंडं होतं.

मग ऑक्युपेशनल थेरपिस्टनं, म्हणजे रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्या तज्ज्ञानं, आधी ओटा रिकामा करायला लावला. लागेल तीच वस्तू पुढ्यात, रोज त्याच क्रमानं. चुकल्यावर बोलायचं नाही. चुकायच्या आत हाताला हात लावून वळवायचा. आता उकळी येईपर्यंत त्यांचं छान जमतं, गाळायला मी असते. दाढीची शिकवणी वेगळी, चहाचा सराव तिथे कामाला येत नाही.

तेव्हा याल तेव्हा ‘अण्णा, करून दाखवा बघू’ तेवढं म्हणू नका. कप घेऊन नुसते शेजारी उभे राहा.