आर्टरीखालचा तो पांढरा ठिपका

वय ६८, वजन ५० किलो, जुनी सीओपीडी, म्हणजे धाप लावणारा फुफ्फुसांचा आजार. साध्या हवेवर रक्तातल्या ऑक्सिजनचं सॅच्युरेशन ९२ टक्के. मनगटाजवळ रेडियस हे हाताचं हाड मोडलेलं, प्लेट बसवायची होती. पूर्ण भूल नको हे उघडच होतं. फक्त हात बधिर करायचा तर नसांभोवती औषध सोडतात, तो ब्लॉक. पण गळपट्टीच्या हाडावरून दिलेल्या सुप्राक्लॅविक्युलर ब्लॉकमध्येही श्वासाची फ्रेनिक नस बधिर होऊन अर्धा डायफ्राम (श्वासाचा पडदा) बसण्याची भीती असते, म्हणून ब्लॉक काखेतून द्यायचं ठरवलं.

बधिर करायला ०.५ टक्के रोपिव्हाकेन घेतलं. किलोला ३ मिलिग्रॅमच्या हिशेबानं कमाल मर्यादा १५० मिलिग्रॅम, म्हणजे ३० मिली. त्यातलं २५ आधी वापरलं: हाताच्या चार नसांपैकी मस्क्युलोक्युटेनियस, मीडियन आणि अल्नरला पाच-पाच, रेडियलला दहा. नसा पडद्यावर दाखवणारा सोनोग्राफीचा प्रोब काखेत हलक्या हातानं धरावा लागतो. दाबला की रक्ताच्या शिरा चपट्या होऊन दिसेनाशा होतात आणि सुई नेमकी त्यांतच जाते. औषध रक्तात जाऊन विषबाधा झालीच तर उतारा म्हणून २० टक्के लिपिड हाताशी होतं. वेळ आलीच तर पहिला डोस किलोला १.५ मिली, म्हणजे इथे ७५ मिली.

वीस मिनिटांनी गार बोळा लावून पाहिला.

"आजोबा, गार लागतंय?"

"करंगळीला नाही. अंगठ्याच्या मागं लागतंय की."

रेडियल बधिर व्हायची सुटली होती. मनगट मोडलेलं, त्यामुळे ते उचलून दाखवा म्हणण्यात अर्थ नव्हता. गार स्पर्शावरच भिस्त. चूक माझीच. आर्टरीतलं (धमनीतलं) रक्त सोनोग्राफीच्या आवाजाच्या लहरी फारशा अडवत नाही, त्यामुळे तिच्या बरोबर खाली पडदा उजळतो आणि तो उजेड हुबेहूब नसेसारखा दिसतो. मी औषध त्याच्याभोवती सोडलं होतं. खरी रेडियल लॅटिसिमस या पाठीच्या स्नायूच्या चकचकीत टेंडनवर टेकलेली असते आणि प्रोब कोपराकडे सरकवला की आर्टरी सोडून ह्यूमरसच्या (दंडाच्या हाडाच्या) मागे निघून जाते. उजेड मात्र आर्टरीखालीच राहतो. एवढं सरकवून पाहायला दहा सेकंद लागतात.

आता काखेत पुन्हा सुई नको होती. अर्धवट बधिर झालेल्या नसेला टोचलं तरी पेशंटला कळत नाही. कोपराच्या चार बोटं वर, बाहेरच्या बाजूनं रेडियल गाठली आणि उरलेले ५ मिली तिथे दिले. बारा मिनिटांत अंगठाही गेला.

रक्त थांबवणारा दंडाचा पट्टा, टुर्निके, २५० मिमी दाबावर, ५५ मिनिटं. झोपेचं काहीच दिलं नाही, नळीनं थोडा ऑक्सिजन तेवढा. प्लेटचे स्क्रू आवळत असताना आजोबांनी विचारलं, "हात किती वेळ असा वर धरून ठेवणार?"

हात केव्हाचा बाजूच्या टेबलावर सपाट पडला होता.