एक किलोमीटरचा कायदा

शिक्षणाच्या कायद्यात वकिली करायची आहे, असे सांगत जे विद्यार्थी माझ्याकडे येतात, त्यांच्या मनात बहुधा मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारे घटनेचे कलम २१-अ असते. मी त्यांच्यापुढे आधी रोजच्या फाइली ठेवतो: शिक्षण विभागाने नेमणुकीला वैयक्तिक मान्यता नाकारलेला शिक्षक, संचमान्यतेत म्हणजे विद्यार्थिसंख्येवरून पदे ठरवताना अतिरिक्त ठरलेले पद, तोंडी आदेशावर घरी बसवलेला शिपाई. १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी अधिनियमाखाली शाळा न्यायाधिकरणात किंवा थेट उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जाणारी ही प्रकरणे हीच आमची भाकरी आहे. मराठवाड्यात कारखान्यांपेक्षा शिक्षणसंस्थेतल्या नोकरीचा आधार मोठा, त्यामुळे यात नवल नाही. पण या कागदांत मूल क्वचितच कुठे दिसते.

ते दिसले २०२४ मध्ये. ज्या खासगी विनाअनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या आत शासकीय किंवा अनुदानित शाळा असेल, तिला शिक्षण हक्क कायद्यातल्या, वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांसाठीच्या २५ टक्के राखीव प्रवेशांतून सूट देणारी राज्य शासनाची अधिसूचना ९ फेब्रुवारीला निघाली. वरवर पाहता नियम सर्वांना सारखाच होता. प्रत्यक्षात छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर अशा शहरांत महापालिकेची किंवा अनुदानित शाळा जवळपास नाही अशी खासगी शाळा शोधूनच काढावी लागली असती, म्हणजे शहरापुरते त्या कायद्याच्या कलम १२ मधले राखीव प्रवेशांचे पोटकलम जवळजवळ पुसलेच गेले असते. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे रोजी स्थगिती दिली आणि १९ जुलैला अधिसूचना रद्द केली. मूळ अधिनियमात नसलेली सूट नियमांच्या वाटेने आणता येत नाही, हा त्यातला कळीचा मुद्दा. सर्वोच्च न्यायालयानेही ऑगस्टमध्ये तो निर्णय कायम ठेवला.

निकालाने दार उघडले, तरी उंबरठा उंचच आहे. संभाजीनगरच्या मुकुंदवाडीत भाड्याने राहणाऱ्या कामगाराला राखीव प्रवेशाच्या अर्जासोबत नोंदणीकृत भाडेकरार लागतो, आणि घरमालक तर साध्या मुद्रांकावर सही करायलाही कुरकुरतो. अर्ज बहुधा नेट कॅफेवाला भरतो. ऑनलाइन अर्जातल्या नकाशावरची खूण घरापासून जराशी सरकली, की शाळेचे अंतर बदलते, आणि सोडतीत नंबर लागूनही पडताळणी समितीसमोर प्रवेश अडतो. अशा वेळी लागतो तो उच्च न्यायालयातला रिट अर्ज नव्हे, तर याच कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे केलेली साधी, तारीखवार तक्रार. ती नीट लिहिणारे वकील आमच्याकडे फार थोडे आहेत, कारण त्यात फी जवळजवळ नाही.

संस्थाचालकांची एक तक्रार मात्र मला रास्त वाटते. कलम १२ (२) प्रमाणे या प्रवेशांच्या खर्चापोटी शासनाने शाळांना द्यायची प्रतिपूर्ती वर्षानुवर्षे थकते, आणि तो राग शेवटी वर्गातल्या मुलावर निघतो. माझ्या मते शहरांच्या शालेय धोरणात आधी हात घालायला हवा तो या थकबाकीलाच. अंतराची मोजणी नंतर करता येईल.