फ्रिक्वेन्सीचा सातबारा नसतो
काल दिवेलागणीला लातुरात गच्चीवर हॅम रेडिओ (हौशी लोकांचा बिनतारी संच) लावून बसलो होतो, डायपोल अँटेनाची वीस मीटर तार, एक टोक पाण्याच्या टाकीला बांधलेलं. 7 मेगाहर्ट्झच्या जरा वर दोघं निवांत बोलत होते अन् मधेच एक सीनियर घुसले, म्हणे इथं आमचं रोजचं नेट (ठरल्या वेळी सगळ्यांनी मिळून हवेवर बोलायची बैठक) असतं, जागा सोडा. अहो साहेब, लायसनवर बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सींचा अख्खा पट्टा मिळतो, फ्रिक्वेन्सी कोणाच्या नावावर होत नाही! आधी ऐकायचं, मग "कोणी आहे का" विचारायचं, मोर्समध्ये (टिंब-रेघांच्या संकेतात) त्यासाठी क्यूआरएल. पण अंधार पडला की स्किप, म्हणजे लहर आकाशातून परतून जिथं उतरते तिथवरचं अंतर, लांबतो, जवळचं परभणी ऐकू येत नाही अन् लांबचं खणखणीत येतं, म्हणून रिकामी वाटलेली जागा रिकामी असेलच असं नाही. मुद्दाम कॅरियर (बोलण्याविना नुसती रेडिओ लहर) सोडून दुसऱ्याचं बोलणं दाबणं मात्र लई वाईट, नवीन पोरं वैतागून सेटच बंद करतात.