टेबलावर येण्याआधीच

"मॅडम, इतका चांगला हात होता तुमचा. सर्जरी सोडून त्या भानगडीत कशाला पडलात?"

माझ्या हाताखाली शिकलेले निवासी डॉक्टर हे विचारतात, सोसायटीतल्या काकू विचारतात, आणि ज्यांचे पित्ताशयाचे खडे मी काढले ते पेशंट तर हक्काने विचारतात. भानगड म्हणजे आधी मुंबई महापालिकेच्या एका रुग्णालयाचं अधीक्षकपद आणि मग २०१७ ते २०२२ नगरसेवकपद. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

माझं उत्तर पायांपासून सुरू होतं. मधुमेहाने बधिर झालेले पाय. पालिकेच्या सर्जरी वॉर्डात पावसाळ्यात असे पाय एकामागून एक येतात. चप्पल चावलेली असते, खिळा घुसलेला असतो, पण संवेदनाच गेल्यामुळे माणसाला पत्ता नसतो. नाक्यावर उभं राहून रोजचं काम मिळवणारा माणूस त्यावर फडकं बांधून आठवडाभर चालतो. आमच्याकडे येतो तोवर बोट काळं पडलेलं. बोट काढावं लागतं. काही महिन्यांनी तोच माणूस परत येतो, मग पाऊल जातं, मग गुडघ्याखालून पाय. भूल देणारे, सिस्टर, मी, सगळे आपापलं काम चोख करायचो, आणि माणूस पाय गमावून घरी जायचा.

"आधी दवाखान्यात का नाही गेलास?" याचं उत्तर जवळजवळ ठरलेलं असायचं: दवाखाना उघडा असतो तेव्हा मी कामावर असतो.

आणि या पायाचा धोका ओळखायला सर्जन लागतच नाही. मोनोफिलामेंट मिळतं, म्हणजे दहा ग्रॅमच्या दाबाला वाकणारा नायलॉनचा एक धागा. तळव्याला टेकवायचा, वाकेपर्यंत दाबायचा, "कळतंय का?" म्हणून विचारायचं. जिथे कळत नाही, तिथे पुढे जखम होण्याची भीती. शिकवलेली परिचारिका हे काही मिनिटांत करते. पण तो धागा दवाखान्यात असावा की नाही, दवाखाना किती वाजेपर्यंत उघडा ठेवायचा, तिथे परिचारिकेची जागा भरायची की रिकामी ठेवायची, यातलं काहीही ऑपरेशन थिएटरमध्ये ठरत नाही. जिथे ठरतं तिथे मला बसायचं होतं.

अधीक्षक झाल्यावर मी पहिल्यांदा स्टोअर बघितलं. दरकरार, म्हणजे ठरलेल्या दराने माल पुरवण्याचा करार, संपला आणि नवी निविदा रखडली की टाक्यांचा धागासुद्धा संपतो, आणि मग नातेवाइकाच्या हातात बाहेरून आणायची चिठ्ठी जाते. पालिकेच्या रुग्णालयात माणूस का येतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ती चिठ्ठी लिहवत नाही. स्थानिक खरेदीला मर्यादा असते, म्हणून करार संपायच्या कितीतरी आधी मागणीपत्र पाठवायची शिस्त मी लावली. ऑटोक्लेव्ह, म्हणजे उपकरणं निर्जंतुक करणारं यंत्र, बंद पडलं तर दिवसभराची ऑपरेशनं रद्द होतात. त्याच्या देखभालीचं कंत्राट मी सर्जरीइतक्याच गांभीर्याने वाचायचे. पण अधीक्षक मागू शकतो. किती पदं आणि किती पैसे, हे त्याच्या वर ठरतं.

सेवेत राहून निवडणूक लढवता येत नाही, तेव्हा राजीनामा दिला. २०१२ च्या निवडणुकीपासून पालिकेत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. कुर्ल्याकडचा आमचा प्रभाग सोडतीत महिलांसाठी निघाला, विचारणा झाली, मी हो म्हटलं.

निवडून येऊन सहा महिने झाले असतील, २९ ऑगस्टचा तो पाऊस आला. मुंबईतले एक नामवंत पोटविकारतज्ज्ञ भर रस्त्यात उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. ज्याने आयुष्यभर माणसं वाचवली, तो एका झाकणापायी गेला. गटाराचं झाकण हा आरोग्याचाच विषय आहे, हे त्यानंतर मला सभागृहात कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. पाणी ओसरलं की मागून लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची, भीती असतेच: उंदरांच्या मूत्राने दूषित झालेलं पाणी आणि त्यात जखम झालेला पाय. म्हणजे पुन्हा तेच पाय. आमच्या प्रभागात आरोग्य स्वयंसेविका घरोघरी फिरून पाण्यातून चाललेल्यांची विचारपूस करायच्या आणि त्यांना डॉक्सीसायक्लिनसाठी, म्हणजे लेप्टो टाळणाऱ्या गोळ्यांसाठी, दवाखान्यात पाठवायच्या. या बायकांचं मानधन किती तुटपुंजं आहे, हे मी प्रत्येक अर्थसंकल्पाच्या चर्चेत मांडलं.

मुंबईत कार्यकारी अधिकार आयुक्तांच्या हाती असतात. नगरसेवक प्रश्न विचारतो, हरकतीचा मुद्दा मांडतो, प्रभाग समितीत पाठपुरावा करत राहतो. एवढ्याच बळावर आमच्याकडचा एक दवाखाना संध्याकाळी उघडा राहू लागला आणि तिथल्या परिचारिका धागा टेकवून पाय बघायला शिकल्या. मी केलेल्या कुठल्याही ऑपरेशनइतकंच हे मला मोलाचं वाटतं.

डॉक्टरांनी राजकारणापासून लांब राहावं असं म्हणणाऱ्यांना मी डॉ. अकॅसियो व्हिएगस यांचं नाव सांगते. १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात पसरत असलेला ताप हा प्लेग आहे, हे त्यांनी ओळखलं. ते तेव्हा पालिकेचे सदस्यही होते. निदान सांगून ते थांबले नाहीत, वस्त्यांची सफाई आणि उंदरांचा नायनाट यासाठी त्यांनी आवाज उठवला. १९०६ मध्ये ते पालिकेचे अध्यक्ष झाले. धोबी तलावला मेट्रो सिनेमाजवळ त्यांचा पुतळा आहे.

मार्च २०२२ मध्ये आमची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 'आपला दवाखाना' ही पालिकेची योजना सुरू झाली, तिच्यातले बरेच दवाखाने रात्री दहापर्यंत उघडे असतात. नाक्यावरून परतणाऱ्या माणसाला तिथे जाता येतं याचा मला मनापासून आनंद आहे. २०२५-२६ चा पालिकेचा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता. त्यातून शहरातल्या प्रत्येक दवाखान्यात तो नायलॉनचा धागा असावा आणि प्रत्येक मधुमेही माणसाला वर्षातून एकदा तरी चपला काढून बसायला सांगावं, एवढंच मी अजून मागते आहे. पद नसलं तरी पत्र लिहिता येतं, आणि वॉर्ड ऑफिसात मला अजून ओळखतात.